भाच्याचा अजगर

परदेशी स्थायिक झालेल्या आप्तांकडे दोन-चार आठवडे राहून येण्याचा योग आता आम्हां धर्मगुरूंच्याही वाट्याला वरचेवर येऊ लागला आहे. परत आल्यावर धर्मग्रामातील मंडळी कौतुकाने विचारपूस करतात. बर्फ किती पडले, नायगारा गोठला होता काय, तिकडच्या चर्चमध्ये माणसे येतात का, हे प्रश्न ठरलेले. 2025 च्या जानेवारीत, प्रभुप्रकटीकरणाचा सण उरकून, आम्ही धाकट्या बहिणीकडे टोरांटोला गेलो आणि राखेच्या बुधवारापूर्वी परतलो. या खेपेस नायगाऱ्याविषयी सांगण्यासारखे आमच्यापाशी फारसे काही नाही. आमचा बराचसा वेळ एका अजगराच्या तैनातीत गेला.

अजगर म्हणताच वाचकांच्या डोळ्यांपुढे शेळीचे करडू गिळणारा, आपल्या रानातील अवजड प्राणी उभा राहील. आमच्या भाच्याकडील पाहुणा त्याच कुळातला, पण पुष्कळच ठेंगणा. तिकडे त्याला बॉल पायथन म्हणतात. वाढ पूर्ण झाली तरी चार-पाच फुटांच्या पुढे तो सहसा जात नाही. विष त्याला नाही. भय वाटले की दंश करण्याऐवजी तो वेटोळे घट्ट आवळतो, मस्तक मधोमध दडवतो आणि चेंडूसारखा होऊन पडून राहतो. त्यावरूनच त्याचे नाव पडले. तीन मीटरहून लांब वाढणारे अजगर पाळण्यास टोरांटो शहरात मनाई आहे. ही जात त्या मर्यादेच्या पुष्कळ आत बसते. आपल्याकडील तरुणांनी मात्र हे वाचून उत्साहाच्या भरात काही करू नये. आपल्या देशातील साप घरात ठेवणे हा 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, आणि त्या कायद्यात 2022 साली झालेल्या दुरुस्तीनंतर अशा परदेशी जातींचीही रीतसर नोंदणी करावी लागते.

भाचा पंधरा वर्षांचा. बाराव्या वर्षी तो वसई सोडून आईवडिलांबरोबर तिकडे गेला. शेजारच्या इमारतीत राहणाऱ्या एका विद्यार्थ्यापाशी हा साप होता. त्याला शहर सोडून जावे लागले आणि त्याने तो भाच्याला देऊ केला. आमचे मेहुणे मुलाच्या बाजूचे होते. बहिणीने तीन अटी घातल्या. खोलीचे दार सदैव बंद राहील. सापाचे खाद्य, म्हणजे गोठवलेले उंदीर, स्वयंपाकघरातील फ्रीजमध्ये तिच्या सुक्या बोंबलांच्या शेजारी ठेवायचे नाहीत. आणि तिने त्याच्याकडे पाहावे असा आग्रह कोणी धरायचा नाही. तिन्ही अटी मान्य झाल्या. तळघरात एक छोटा फ्रीज आला. हा प्राणी किती वर्षे जगतो, असे तिने विचारले तेव्हा भाच्याने प्रामाणिकपणे सांगितले की, नीट सांभाळला तर वीस ते तीस. शिवाय अमेरिकेतील सेंट लुईस येथील प्राणिसंग्रहालयात 1961 साली आलेल्या एका मादीने 2020 साली अंडी घातली, ही माहितीही त्याने पुरवली. ती त्या वेळी पुरवायला हवी होती असे नाही. बहिणीने मनात हिशेब केला आणि ती उठून भांडी घासायला गेली.

तिच्या अटी ज्यांना हास्यास्पद वाटतील त्यांच्यासाठी एक गोष्ट सांगणे भाग आहे. आमच्या वडिलांना 1980 साली भातकापणीच्या दिवसांत घोणस चावली. पेंढी उचलताना हाताला डसली. त्यांना आधी एका मांत्रिकाकडे नेले आणि चार तास तिथेच गेले. घोणसीच्या विषाने रक्ताची गोठण्याची शक्ती नाहीशी होते, पुढे मूत्रपिंडे निकामी होतात. इस्पितळात पोहोचेपर्यंत हे दोन्ही सुरू झाले होते. तिसऱ्या दिवशी पहाटे ते गेले. आम्ही दहा वर्षांचे होतो, बहीण चार वर्षांची. मारलेली घोणस कोणीतरी काठीवर घालून आमच्या अंगणात आणली होती. बहिणीला वडिलांचा चेहरा नीटसा आठवत नाही. घोणसीच्या पाठीवरची साखळीसारखी ठिपक्यांची रांग मात्र आठवते. सन 2000 ते 2019 या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे 12 लाख माणसे दगावली असावीत, असा अंदाज 2020 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मांडलेला आहे. त्या आकड्यातील प्रत्येकामागे असे एकेक अंगण असणार. म्हणून ‘हा विषारी नव्हे’ या वाक्याने तिचे भय जाईल, अशी अपेक्षा आम्ही कधी केली नाही. विषाची माहिती तिला होती. भय दुसऱ्याच ठिकाणी राहत होते.

मग तिने होकार तरी का दिला? हे आम्ही तिला एका रात्री विचारले. ती म्हणाली, “दादा, तीन वर्षांत या पोराने एकदाही मित्र घरी आणला नाही. जेवताना ‘हो’ आणि ‘नको’ एवढे दोनच शब्द. त्या सापाविषयी मात्र तो अर्धा तास बोलला. मला निम्मे कळले नाही, पण मी ऐकत बसले.”

साप आला तो जानेवारीतील एका शनिवारी, उशीच्या अभ्र्यात गाठ मारून आणि तो अभ्रा मेहुण्यांच्या कोटाच्या आत धरून. कारण बाहेर शून्याखाली चौदा अंश होते आणि या प्राण्याला स्वतःच्या अंगची ऊब नसते. भाच्याने काचपेटी आठवडाभर आधीच सिद्ध करून ठेवली होती. तिचे एक टोक उबदार, 32 अंश सेल्सियसच्या आसपास. दुसरे थोडे गार, 26 अंशांचे. ऊब वाढली की थर्मोस्टॅट ती आपोआप बंद करी. दोन्ही टोकांना दडून बसण्यासाठी एकेक अंधारी खोपी. दोन का, तर दडण्यासाठी सापाला ऊब किंवा गारवा सोडून द्यावा लागू नये. मध्यभागी पाण्याचे जड भांडे. तळाशी नारळाच्या सोडणाचे बारीक तुकडे पसरलेले होते. ज्या वस्तूने वसईत आमची चूल पेटत असे ती तिकडे पिशवीत भरून डॉलरांना विकत मिळते, याची आम्हांला गंमत वाटली.

अभ्रा सोडला, साप संथपणे उबदार टोकाच्या खोपीत शिरला आणि दिसेनासा झाला. त्यानंतर आठ दिवस भाच्याने त्याला हात लावला नाही. पेटीच्या तीन बाजूंना त्याने तपकिरी कागद चिकटवला. पाणी बदलायचे तेवढेच झाकण उघडे. आम्हांला पाहण्याची उत्सुकता होती, पण त्याने अदबीने बजावले, “फादर मामा, आता त्याला आपण कुणीच नकोत.” सर्पपालनाविषयीची जी पुस्तके त्याने आम्हांला वाचायला दिली त्यांतही हेच होते. नवा साप आणला की पहिला आठवडा त्याला उचलू नये, खाऊ घालण्याची घाई करू नये. हौशी माणसे पहिल्याच दिवशी त्याला गळ्यात घालतात, छायाचित्रे काढतात, स्वच्छतेच्या कल्पनेने टबात आंघोळ घालतात. सापाला यांतले काहीही नको असते. निरोगी सापाला आंघोळीची गरज सहसा नसतेच. दमट हवा आणि पिण्याचे भांडे एवढ्यावर तो आपली कातडी सांभाळतो. आंघोळ हा मालकाच्या समाधानाचा भाग. आमच्या व्यवसायातही असे घडते. नवे कुटुंब धर्मग्रामात आले की पहिल्याच रविवारी त्याला तीन मंडळांचे सभासद करून घेणारे उत्साही कार्यकर्ते आम्ही पाहिले आहेत. चौथ्या रविवारी ते कुटुंब दुसऱ्या चर्चला जाऊ लागते.

त्या आठ दिवसांत घरात एक विचित्र शांतता होती. बहिणीच्या दिवाणखान्यात कोनाड्यात निष्कलंक मातेची मूर्ती आहे, आपल्या बहुतेक घरांत असते तशी. पवित्र मातेच्या पायाखाली साप. संध्याकाळच्या रोझरीला आम्ही सारे तिच्यापुढे बसत असू आणि भिंतीपलीकडे जिवंत साप. एके दिवशी रोझरी संपल्यावर बहीण अर्धवट हसत म्हणाली, “मूर्तीत त्याला चिरडायचे आणि खोलीत त्याला हीटर लावायचा. दादा, कोणी पाहिले तर काय म्हणेल?”

आम्ही तिला विदा शहराची हकिकत सांगितली. पश्चिम आफ्रिकेत बेनिन नावाचा देश आहे, तिथले हे किनाऱ्यावरील जुने शहर, एके काळी गुलामांच्या व्यापाराचे मोठे बंदर. तिथल्या मूळ धर्मात अजगर पूज्य मानतात आणि गावात अजगरांचे मंदिर आहे. त्यात राहणारे साप याच जातीचे. ते मधूनमधून भक्ष्याच्या शोधात बाहेर पडतात. कोणाच्या घरात शिरले तर त्यांना मारीत नाहीत, उचलून परत आणून ठेवतात. आणि त्या मंदिराच्या अगदी समोर, मधला चौक ओलांडला की, कॅथलिक महामंदिर उभे आहे. तेही निष्कलंक मातेच्याच नावाचे. पोप बेनेडिक्ट सोळावे 2011 च्या नोव्हेंबरात तिथे गेले होते आणि आफ्रिकेतील ख्रिस्तसभेसाठी लिहिलेल्या प्रबोधनपत्रावर त्यांनी त्याच महामंदिरात स्वाक्षरी केली. दोन्ही वास्तू एकमेकींकडे तोंड करून आजही आहेत. पवित्र शास्त्रातील सर्प हे पापाचे रूप आहे; एदेनबागेतील तो मोहात पाडणारा कोण, हे आपण लहानपणापासून शिकतो. पण त्याच शास्त्रात मोशेने खांबावर चढवलेला पितळी सर्प पाहून दंश झालेली माणसे वाचली, आणि स्वतः प्रभूने त्या खांबाचा दाखला आपल्या क्रुसासाठी दिला. इटलीतील कोकुल्लो नावाच्या डोंगरी गावात तर दर मे महिन्याच्या आरंभी संत डोमिनिकच्या मूर्तीवर जिवंत बिनविषारी साप चढवून मिरवणूक काढतात.

बहिणीने सारे ऐकून घेतले. “त्या विदाच्या बायका सापाला हाताने उचलतात?” एवढेच तिने विचारले. उचलतात, आम्ही म्हणालो. तिने मान हलवली. ती पटल्याची होती की नवलाची, ते आम्हांला कळले नाही.

आठवड्यानंतर भाच्याने उंदीर कोमट करून चिमट्याने पुढे केला. सापाने तो घेतला नाही. पुन्हा आठवडा थांबून पुढे केला, तेव्हाही नाही. बॉल पायथन याबद्दल प्रसिद्धच आहेत. नव्या जागी ते आठवडेच्या आठवडे, कधी महिनेही उपाशी राहतात आणि वजन उतरत नाही तोवर काळजीचे कारण नसते. भाचा दर रविवारी स्वयंपाकाच्या वजनकाट्यासारख्या एका काट्यावर त्याला तोलून वहीत आकडा लिही. आकडा हलत नव्हता. मुलगा मात्र रोडावला असे त्याच्या आईचे मत.

जानेवारी सरता सरता सापाचे डोळे दुधाळ निळसर झाले आणि रंग मळकट पडला. कात टाकण्याची ही पूर्वखूण. सापाला पापण्या नसतात. डोळ्यावर पारदर्शक खवला असतो आणि कातीबरोबर तोही निघतो. काही दिवसांनी डोळे पुन्हा निवळतात आणि मग एका रात्री उलट्या काढलेल्या मोज्यासारखी अखंड कात उतरते. निदान उतरायला हवी. पण त्या देशात हिवाळ्यात घर तापवण्याची यंत्रे रात्रंदिवस चालू असतात आणि हवेतला ओलावा शोषला जातो. आमचे स्वतःचे ओठ फुटले होते. साठ टक्क्यांच्या आसपास हवा असलेला दमटपणा पेटीत टिकेना, आणि कात तुकड्या-तुकड्यांनी निघाली. पाठीवर चट्टे राहिले. त्यांचे एवढे नव्हते. शेपटीच्या टोकाला मात्र जुन्या कातीची दोन कडी घट्ट अडकली होती. ही कडी वाळून आवळत जातात, रक्त पुढे जात नाही आणि टोक काळे पडून गळते. ओल्या शेवाळाच्या डबीत दोन दिवस ठेवून पाहिले. कडी निघाली नाहीत. सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्यांनी सांगितले, आता आंघोळ घाला. पाणी 30 अंशांच्या आसपास, खोली सापाच्या अंगाच्या निम्म्या जाडीएवढी, वीस मिनिटे, साबण नाही, क्षणभरही एकटा सोडायचा नाही. सोलायचे काही नाही. डोळ्यांना तर बोटही लावायचे नाही.

मेहुणे कामावर होते. दुसरी हातांची जोडी आमची.

न्हाणीघरात भाच्याने प्लास्टिकचा पसरट डबा ठेवला आणि तो पाणी सोडू लागला. तो नुकताच दारातले बर्फ उपसून आला होता. काचपेटीतील तापमापक भिंतीला पक्का चिकटवलेला, म्हणून तो हाताने अंदाज घेत होता आणि ‘फार गरम आहे’ म्हणून पुन्हा पुन्हा गार पाणी मिसळत होता. साप आमच्या हातांत होता. पहिल्यांदाच. तो ओला किंवा बुळबुळीत नसतो. कोरडा, गार आणि जिवंत वजनाचा, केळीच्या सोपावर हात ठेवावा तसा. त्याने आमच्या मनगटाभोवती एक वेढा घेतला आणि आमचे हृदय किती वेगाने चालले आहे ते, आम्हांला वाटते, त्यालाही कळले असावे.

“थंड हाताला पाणी गरमच लागते.” मागून आवाज आला. बहीण दारात उभी होती. ती तिकडे वृद्धांच्या एका निवासात काम करते. गेली तीन वर्षे रोज सात-आठ म्हाताऱ्यांना आंघोळ घालणे हे तिचे उपजीविकेचे काम आहे. ती आत आली, आमच्याकडे, म्हणजे आमच्या मनगटाकडे, न पाहता खाली वाकली आणि तिने कोपर पाण्यात बुडवले. “हे तर गार आहे. काकडेल तो.” तिने नळ फिरवला, गरम पाणी सोडले, ढवळले, पुन्हा कोपर घातले. दोनदा असे केले. मग जादा पाणी तांब्याने काढून टाकले. “आता ठेव,” ती मुलाला म्हणाली आणि दारापर्यंत मागे गेली. दाराबाहेर मात्र नाही.

साप पाण्यात उतरताच त्याने डोके उंच करून डब्याची कड चाचपली. भाच्याने हात आडवा धरला. ढकलले नाही, नुसता धरला. मिनिटभराने तो खाली आला, दोन वळणे घेऊन बसला आणि त्याची जीभ पाण्यावर लवलवू लागली. पाठीवरचे चट्टे हळूहळू पांढुरके होऊन फुगले. बहीण दारातून बोलत होती, कोणाशी ते स्पष्ट नव्हते. निवासात नवे माणूस आले की पहिल्याच दिवशी त्याला आंघोळ घालायचा नियम आहे. घर सुटलेले, भाषा कधी परकी, आणि अनोळखी बाई कपडे उतरवते. माणसे रडतात. काही मारतातही. ती वरिष्ठांना म्हणाली होती, दोन दिवस थांबू या, आधी चहा देऊ या. नियम नियमच राहिला. पण निदान पाणी तरी ती कोणाला गार लागू देत नाही.

भाचा डब्यावरची नजर न काढता म्हणाला, “मम्मी, तू हे कधी सांगितले नाहीस.”

“तू कधी विचारलेस?”

वीस मिनिटांनी साप बाहेर काढायचा होता. डॉक्टरीणबाईंनी सांगितले होते की, ओल्या कापडातून त्याला आपणहून सरकू द्यावे, घर्षणाने कात सुटते. तिकडचे टॉवेल गुबगुबीत. त्यात तो रुतला. आम्ही वसईहून नेलेला सुती पंचा बहिणीने आमच्या खोलीतून आणला, कोमट पाण्यात पिळला आणि लांबूनच भाच्याच्या खांद्यावर टाकला. आम्ही दोघांनी पंचाची सैल मूठ धरली आणि साप तिच्यातून पुढे सरकू लागला. घाई नाही. चट्टे कापडाला चिकटून राहिले. शेवटी शेपटी आली. भाच्याने मूठ किंचित आवळली, ओढली नाही. शेपटी निघून गेली आणि पंचावर दोन बारीक कडी उरली, जवाच्या टरफलाएवढी. टोक गुलाबीसर होते.

साप पेटीत गेला. नंतरचा अर्धा तास बहिणीच्या ताब्यात. या प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेला नावाचे जंतू असू शकतात, त्यांच्यापासून लहान मुलांना आणि वृद्धांना अपाय होतो, हे तिला कामाच्या ठिकाणी शिकवलेले होते. तिने आम्हां दोघांचे हात कोपरापर्यंत साबणाने धुवून घेतले, जंतुनाशकाने न्हाणीघर घासले आणि डब्यावर ‘फक्त साप’ असे मोठ्या अक्षरांत लिहिले. पंचा आम्हांला परत मिळाला नाही.

तेथून दहा दिवसांनी आम्ही निघालो. तोवर सापाने काही खाल्लेले नव्हते. 5 मार्चला राखेचा बुधवार होता. संध्याकाळची मिस्सा आटोपून आम्ही घरी आलो, तोच बहिणीचा फोन. सकाळी सापाने उंदीर घेतला. साऱ्या जगाचा उपवास सुरू होतो आहे आणि याने आजच सोडला, असे मेहुणे मागून ओरडून सांगत होते. शेपटीचे टोक शाबूत आहे. बर्फ वितळायला लागले आहे. भाचा शुक्रवारपासून तीन दिवस शाळेच्या सहलीला जाणार, बरोबर कोणी एक मित्र आहे, त्याचे नाव तिला नीट उच्चारता येत नव्हते.

“मग तीन दिवस त्याचे पाणी कोण बदलणार?” आम्ही विचारले.

“मीच,” ती म्हणाली. “भांडे चिमट्याने उचलते. हात लावत नाही हां मी त्याला.”